टेलरकाकूंचा पिवळा दिवा

टेलरकाकूंना एखादी गोष्ट जमणार नाही असं जो सांगतो, तो त्यांना ओळखत नाही एवढंच समजावं. खाली रस्त्यालगत त्यांचं शिवणाचं दुकान, वर घर, आणि घरात त्यांचे यजमान. यजमानांनी उभी हयात एका गोदामाची राखण केली. आता मात्र त्यांची आठवण दगा देऊ लागली होती. मधूनच उठायचे, चपला घालायचे आणि चालू लागायचे; परतीची वाट कधी आठवायची, कधी नाही. काकू खाली मशीनवर. त्या खडखडाटात जिन्यावरची पावलं कुठून ऐकू येणार?

परगावची लेक फोनवर रोज एकच सांगायची, "आई, बाहेरून कुलूप लाव. नसता प्रसंग ओढवेल एखाद्या दिवशी."

"जन्मभर दुसऱ्यांच्या मालाला कुलपं लावली त्यांनी, आणि आता त्यांनाच कुलपात घालू? माझ्याने नाही व्हायचं."

लेक काही वाईट बोलत नव्हती. तिचाही जीव टांगणीला लागला होता. शेवटी दोघींत ठरलं, की महिनाअखेरपर्यंत काकूंनी काहीतरी पक्की सोय करायची, नाहीतर कुलूप.

सोयीचं सामान घरातच होतं. मागच्या खेपेला लेकीनेच दोन डबे बसवून दिले होते. एक वायफायचा कंट्रोलर, म्हणजे कुठला फोन घरात आहे आणि कुठला निघून गेला, याची खबर ठेवणारा कारभारी. दुसरा दिवे-पंखे आपोआप चालू-बंद करणारा. दोघे एका घरात राहून एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. इतका अबोला सासू-सुनांतही नसतो. काकूंना त्यांची सोयरीक जुळवायची होती. यजमानांचा फोन वायफायवरून सुटला, की दुकानातला पिवळा दिवा लागला पाहिजे. फोन घरी विसरायची भीती नव्हती, कारण काकूंनी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला फोनच्या मापाचा, बटणाचा खिसा शिवला होता.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या बसल्या. दिव्यांच्या डब्याने कंट्रोलरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड मागितला. काकूंनी लेकीचं ऑनलाइन खातं दिलं. साफ नकार. पुन्हा दिलं, पुन्हा नकार. दुसरं कुणी असतं तर डबा भिंतीवर आपटला असता. काकूंनी मदतीचं पान शिवण उसवावी तसं ओळीओळीने सोडवत वाचलं, तेव्हा मेख सापडली. लेकीच्या खात्यात शिरताना दर वेळी तिच्या फोनवर कोड जायचा; डबा बिचारा तो कुठून आणणार? त्याला कंट्रोलरवरच उघडलेलं, घरातल्या घरातलं खातं हवं होतं. काकूंनी ते उघडलं, आणि पडद्यावर यजमानांच्या फोनपुढे 'घरी' असं उमटलं. खात्री म्हणून त्या स्वतः तो फोन घेऊन नाक्यापर्यंत जाऊन आल्या. दुकानात दिवा लागलेला होता.

आणि त्याच आठवड्यात यजमान निघाले तेव्हा दिवा काही लागला नाही. नाक्यापलीकडच्या किराणावाल्याने त्यांना हाताला धरून आणून सोडलं. फोन तर खिशात होता. वर जाऊन बघतात तो कंट्रोलरचं बटण बंद. पंख्याचं बंद, टीव्हीचंही बंद. गोदामाचा माणूस, बाहेर पडण्याआधी सगळी बटणं बंद करायची, हे डोक्यातून गेलं तरी हातातून थोडंच जाणार? आणि कारभारीच झोपवल्यावर खबर देणार कोण?

लेकीपासून त्यांनी हे लपवलं नाही. ती म्हणाली, "आई, आता कुलूप."

"महिना अजून संपलेला नाही," काकू म्हणाल्या.

त्यांनी बटणाला चिकटपट्टी लावली. यजमानांनी ती हलक्या हाताने सोडवली, घडी करून बाजूला ठेवली आणि बटण बंद केलं. काकूंनी हात टेकले, आणि हात टेकल्यावरच त्यांना सुचलं. कंट्रोलर घरात दुसरं कुणी बंद करतच नव्हतं. म्हणजे तो गप्प झाला, की यजमान निघालेच. दिव्यांचा डबा यजमानांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी तो खाली दुकानात आणून लावला. दिव्याशी तो वायफायवाचून थेट बोलू शकत होता. मग त्याला नवा हुकूम दिला. फोन गेला तर दिवा लावायचाच, पण कंट्रोलर उत्तर देईनासा झाला तरी लावायचा. गंमत म्हणजे हा इशारा पहिल्यापेक्षाही लवकर मिळू लागला. फोन सुटल्याचं कळायला काही मिनिटं जायची. बटण तर चपला घालायच्या आधीच बंद व्हायचं. ज्या खोडीने घात केला होता, तिलाच काकूंनी राखणीला बसवलं. याला डोकं लागतं, आणि त्याहून जास्त माया लागते.

दिवा लागला की काकू कात्री ठेवून उठायच्या आणि यजमानांबरोबर चालून यायच्या. गिऱ्हाइकं थांबायची. लेकीने कुलपाचं नाव काढणं सोडून दिलं.

एका संध्याकाळी माप घेता घेता काकूंना उठायला जरा उशीर झाला. यजमानांना त्यांनी बागेच्या वळणावर गाठलं.

"अहो, चला घरी."

यजमानांनी परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने बघितलं. "बाई, तुम्ही कशाला तसदी घेता? जाईन मी."

"सापडेल ना घर?"

"न सापडायला काय झालं? बायको आहे घरी. ती दार कधी लावून घेत नाही."

काकूंनी डोळे पुसले. मग त्या म्हणाल्या, "चांगली आहे हो तुमची बायको."

"आहेच," यजमान म्हणाले, आणि दोघं घराकडे वळले.