फक्त शाकाहारी

घर भाड्याने देताना पाटीवर अटी लिहायच्या, तर आपल्यालाही झेपतील एवढ्याच लिहाव्यात. करारनामा, अनामत, पोलीस ठाण्यातली नोंद हे कोणीही सांगेल. हे मात्र मलाच सांगावे लागणार. छापून आल्यावर घरात जे व्हायचे ते होवो.

गोंदियात आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा मी फाटकावर पाटी लावली: 'खोल्या भाड्याने देणे आहेत. फक्त शाकाहारी.' अट पत्नीची, अक्षर माझे. तिने गुरूंकडून गळ्यात तुळशीची कंठी घेतल्यापासून घरात अंडेसुद्धा येत नव्हते. कंठी जोडीने घ्यायची असते, म्हणून मीही घेतली. (मला विचारले होते. मी झोपेत होतो. हुंकाराला होकार धरण्यात आले.)

पाटी वाचून शेंडे आले. नोकरी बिरसीच्या विमानतळावर, गाव नवेगाव बांध. बायको ब्लाऊज शिवायची. मी जमेल तेवढ्या करड्या आवाजात विचारले, "मासोळी-बिसोळी?" शेंडे म्हणाले, "नाही काका, वासही सहन होत नाही." तळ्याच्या काठावर वाढलेल्या माणसाने हे सांगावे आणि मी ते मानावे! मी किती मुरलेला घरमालक होतो ते यावरून कळेल.

पहिल्याच रविवारी, पत्नी सत्संगाला गेलेली असताना, वरून तळलेल्या रोहूचा वास आला. सरळसरळ करारभंग! मी तरातरा जिना चढलो. उदबत्त्यांचा धूर एवढा, की आत पूजा आहे की आग, कळेना. शेंडे ताटावरून उठले.

"खोटं बोललो काका. पूर्ण गोंदिया हिंडलो, जिथं तिथं हेच पाटी. घर कोणी देऊनच नाही राहिला."

त्यांना चार शब्द सुनावण्यासाठी मी तोंड उघडले. नेमके तेव्हाच शेंडेवहिनींनी विचारले, "एक तुकडी घेता का?" तोंड उघडेच होते.

गळ्यात कंठी असताना मासोळी खायची नसते, आणि कंठी काढून ठेवायचीही नसते. मी ती काढून ठेवली नाही. शेंड्यांच्या खिडकीला टांगली. तेव्हापासून दर रविवारी मी वरच्या खोल्यांची पाहणी करू लागलो. मालकाने मालमत्तेवर लक्ष ठेवावे असे जाणकार सांगतातच. पुढे पुढे तर मी शनिवारीच विचारून ठेवी, उद्या रोहू की झिंगे.

मग पत्नीला वास येऊ लागला. मी म्हणालो, नाली तुंबली असेल. तिने माणूस बोलावून नाली उघडली. गल्लीने खिडक्या लावून घेतल्या. नाली स्वच्छ झाली आणि रविवारी वास पुन्हा आला. मी म्हणालो, माळ्यावर उंदीर मेला असेल. माळा उपसला. उंदीर सापडला नाही, त्याने कुरतडलेला माझ्या लग्नातला कोट तेवढा सापडला. मग जिन्यावर मांजरी येऊन बसू लागल्या, पायरीला एक. मी म्हणालो, त्यांना सिमेंटचा गारवा आवडतो. पत्नीने मांजरी मोजल्या, मग माझ्याकडे पाहिले. तिचे मोजणे मला कधीच मानवलेले नाही.

आणि एका रविवारी मी कंठी वरच विसरलो.

संध्याकाळी आरती चालू असताना पत्नीची नजर माझ्या गळ्यावर थांबली. मी गळा चाचपला, जणू कंठी आत कुठे घसरली असावी. कारण सुचेपर्यंत दारात शेंडेवहिनी उभ्या.

"काकू, काकाची कंठी जिन्यात पडली होती."

बाईने मला साफ वाचवले होते. पण पत्नीने कंठी कपाळाला लावायला उचलली, आणि कपाळाकडे जाताना ती नाकाजवळून गेली.

"हिले मासोळीचा वास आहे," पत्नी म्हणाली. तिने वहिनींच्या हातांकडे पाहिले. "तुम्ही खाता?"

वास माझ्या बोटांचा होता, दर रविवारी जेवून कंठी गळ्यात घालताना लागलेला. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी अतिशय भक्तिभावाने समईकडे पाहिले.

"हो काकू," त्या म्हणाल्या. "आम्ही खातो." त्या 'आम्ही'त त्यांनी मला धरले नाही.

खोल्या खाली करा, हे सांगायला पत्नीने मलाच वर पाठवले. मालक मी होतो ना! वहिनींची मशीन तेव्हा कुठे दिवसभर चालू लागली होती. सगळी गिऱ्हाइके आमच्याच गल्लीतली. मी जिन्यात पुष्कळ वाक्ये जुळवली, पण शेंड्यांनी ऐकूनच घेतले नाही. "राहू द्या काका. बायको म्हणते, तुमचं काकूले सांगून तुमच्या घरात भांडण कायले लावायचं?" नंतर गल्लीत बोभाटा झाला, की शेंड्यांनी खोटे बोलून आमचे घर बाटवले. मी तो खोडला नाही. उलट कोणी हळहळले की मीही मान हलवी.

गेल्या महिन्यात मनाचा हिय्या केला आणि माफी मागायला शेंड्यांचे नवे घर शोधत गेलो. रेल्वे लाइनच्या पलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. फाटकावर पाटी: 'केवळ शाकाहारी.' मला फार वाईट वाटले. आत शिलाई मशीन चादरीखाली झाकलेली होती, तेव्हा आणखी वाईट वाटले. शेजारी पाटावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ रोहूचे डोके फोडण्यात गुंतले होते.

"हे आमचे घरमालक," शेंड्यांनी ओळख करून दिली. "अन् हे आमचे पहिले घरमालक."

वहिनींनी विचारायच्या आतच मी बसलो. ताट आले. नव्या मालकाने मला आपुलकीने न्याहाळले.

"इतकी चांगली माणसं जी. काऊन काढली तुम्ही?"

वहिनींचा हात वाढता वाढता थांबला. सगळे खरे सांगायला मी एवढ्या लांब आलो होतो, आणि विचारणाराही आयताच भेटला होता.

"काही नाही जी," मी दातातला काटा काढत म्हणालो. "घरात वास यायचा."

वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. मी तीही खाल्ली.