अरुषातलं हॉटेल आणि सावंतांची अट

आमच्या प्लांटवर दोन गोष्टी रोज साठतात, सिमेंटची धूळ आणि किस्से. धूळ निदान झाडता तरी येते! रास अल खैमातल्या या कारखान्यात आम्ही मोजून चार मराठी. पर्चेसमधला कुलकर्णी, सेफ्टी ऑफिसर गोखले, मेंटेनन्सचे फोरमन सावंत आणि लॅबमधला मी. चौघांना एका विषयावर आठवडाभर बोलू दिलं की वर्षभराचे किस्से गोळा होतात. यंदा विषय होता ईदच्या सुट्टीतली टांझानियाची सफारी.

खरं तर प्राणी कुठले बघायचे यावर वाद नव्हता. वाद होता अरुषा गावात राहायचं कुठे यावर. सगळ्या सफाऱ्या तिथूनच निघतात, त्यामुळे हॉटेलं शेकड्यांनी. त्यात सावंत हळूच म्हणाले, "साहेब, आमची ही पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर इकडे येतेय. जन्मात हॉटेलात राहिली नाही. बावीस वर्षं तिकडे एकटीनं घर सांभाळलंय. पहिलं हॉटेल तिच्या मनासारखं असू दे, एवढं बघा."

झालं! आता हॉटेल नुसतं चांगलं असून चालणार नव्हतं.

*

कुलकर्णी पर्चेसचा माणूस. घरी कढीपत्ता आणायचा तरी तीन कोटेशन घेईल. त्याने अरुषातल्या अकरा हॉटेलांना पत्रं पाठवली. टेक्निकल माहिती वेगळी, दर वेगळे, कंपनीचा मागच्या तीन वर्षांचा अनुभव, शिवाय "नमुना उपलब्ध असल्यास कळवावे."

दहा ठिकाणांहून उत्तरच नाही. अकराव्याने एका ओळीत विचारलं, "ब्रदर, तुम्हाला हॉटेलात राहायचंय की हॉटेल विकत घ्यायचंय?"

कुलकर्णीने ती ओळ 'प्रतिसाद प्राप्त' या रकान्यात नोंदवली.

*

गोखल्यांचा स्वभाव आणखी निराळा. ते लग्नाच्या हॉलमध्ये गेले तरी आधी इमर्जन्सी एक्झिट बघतात, मग नवरा-नवरी. त्यांनी त्याच हॉटेलला फोन लावून विचारलं, "आग लागली तर पाहुण्यांनी कुठे जमायचं? तुमचा असेंब्ली पॉइंट कुठे आहे?"

पलीकडचा मॅनेजर म्हणाला, "बारजवळ, सर. आग लागली नाही तरी सगळे तिथेच जमतात."

गोखल्यांनी तात्काळ टिक केली. म्हणाले, "नियमित सराव होतोय. आणखी काय पाहिजे?"

*

मग फोन गोखले वहिनींनी हातात घेतला. वहिनींना जेवणाची काळजी. "वरण-भात मिळेल का?"

"यस मॅडम, नो प्रॉब्लेम."

"साबुदाण्याची खिचडी?"

"यस मॅडम, नो प्रॉब्लेम."

वहिनींना संशय आला. "अळूवडी?"

"यस मॅडम, नो प्रॉब्लेम!"

वहिनींनी फोन ठेवला. "माणूस धादांत खोटं बोलतो," त्या म्हणाल्या, "पण एकदाही वैतागला नाही. माझं मत यालाच."

*

तरी कुलकर्णीचा जीव एका तंबूवाल्या हॉटेलात अडकला होता. कापडी भिंती, आत पलंग, बाहेर कंदील. रात्रीचे अकराशे दिरहॅम. "म्हणजे सव्वीस-सत्तावीस हजार रुपये," तो मोठ्याने म्हणाला, "पण अनुभव बघा ना! निसर्गाच्या कुशीत!"

सावंतांनी त्याच्या मोबाइलवरचे फोटो एक एक करून शांतपणे पाहिले.

"कुलकर्णी साहेब, मी बावीस वर्षं पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये आठ जणांत झोपलोय. आता पैसे भरून तिला तंबूत नेऊ?"

खलास! त्यानंतर कुणी तंबूचं नाव काढलं नाही. बारजवळ सगळ्यांना जमवणारं, अळूवडीला हो म्हणणारं ते साधं, पक्क्या भिंतींचं हॉटेल ठरलं. तीन रात्री तिथेच मुक्काम आणि रोज सकाळी जीपने जंगलात.

*

अरुषात पोचलो तर बॅगा न्यायला हॉटेलचा माणूस आला. सावंत वहिनींनी बॅग सोडली नाही. त्याने एका बाजूने ओढली, वहिनींनी दुसऱ्या. दोन जिने अशीच ओढाओढ. शेवटी बॅग वहिनींनीच वर नेली, आणि सावंतांनी त्या माणसाला बक्षिसी दिली. विचारलं तर म्हणाले, "बिचारा दमला होता."

पण खोलीत गेल्यापासून वहिनी गप्पच. पलंगाला हात लावून पाहिला, खिडकी उघडली, लावली. बस्स. संध्याकाळी जेवताना सावंत माझ्या कानाशी आले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "साहेब, चांगलं म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. चुकलं का हो आपलं?"

मलाच वाईट वाटलं. इतका खल करून निवडलेलं हॉटेल, आणि जिच्यासाठी निवडलं तिचा चेहरा कोरा!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात उभी. कुलकर्णी दुर्बीण लावून पार्किंगमध्येच प्राणी शोधत होता. गोखले सीटबेल्ट तपासत होते. सावंत नवी टोपी घालून खाली आले, पण एकटेच. "ती येत नाही म्हणते," एवढंच बोलले.

"यल्ला, यल्ला, चला लवकर," करत मी वर गेलो आणि दार वाजवलं. वहिनींनी ते वीतभर उघडलं.

"वहिनी, सगळे खोळंबलेत. हॉटेल आवडलं नाही का? सिंह बघायचे ना?"

"सिंह तुम्ही बघून या, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षांनी हे सुट्टीवर येतात तर घरात माणसं मावत नाहीत. दार जरा लोटलं की कुणीतरी हाक मारतंच. इथं कालपासून एकानं हाक मारली नाही."

"आता मी मारली की!"

"म्हणूनच म्हणते, तुम्ही जावा."

मागे पावलं वाजली. सावंत वर आले होते. माझ्याकडे न बघता, टोपी काढून हातात घेत ते बाजूने आत गेले, आणि आतून कडी लागली.