चादरीचं दुसरं टोक

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात दोघी जावा चादरींच्या घड्या घालत. नावानं त्यांना कुणी हाक मारलीच नाही. एक थोरली, दुसरी धाकटी. चादर दोघींनी धरायची, एक झटका द्यायचा, समोरासमोर चालत यायचं. थोरलीनं आपली टोकं धाकटीच्या हाती द्यायची आणि वाकून खालची घडी उचलायची. बावीस वर्षं हेच. घरी अबोला असला तरी चादरीवर पाऊल चुकलं नाही, आणि अबोला धरण्यात दोघी एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा.

एका सकाळी धाकटी टोकं तशीच सोडून पाणी प्यायला बाहेर गेली, आणि आत बॉयलर फुटला. थोरली गेली. धाकटीला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून तिचे हात खांद्यांच्या वर जाईनात. हाडं ठणठणीत होती. वेणी लेक घालून द्यायची. काम मात्र कोण करून देणार? शेवटी डॉक्टरांनी तिला हालचालींतून उपचार करणाऱ्या बाईंच्या वर्गात धाडलं.

"या वयात नाचू होय?" धाकटीनं नाक मुरडलं.

"नाचू नका," बाई म्हणाल्या. "हातांना जे पाठ आहे, ते करू द्या. नको वाटलं की थांबायचं."

तीन आठवडे ती भिंतीला टेकून बसली. चौथ्या मंगळवारी, भर दुपारी, उठून तिनं हवेतच दोन टोकं चिमटीत धरली आणि सवयीनं झटका दिला.

समोरून झटका परत आला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. समोर नुसती भिंत होती, आणि तरी कापड ताणलेलं होतं. टाकून पळावं असं तिला फार वाटलं. पण एकदा सोडलं होतंच की. ती रडत पुढे चालली. चौथ्या पावलाला हात कपाळापर्यंत चढले आणि कोमट, ओलसर बोटं तिच्या बोटांना लागली.

"मी पाणी प्यायला गेले हो, जाऊबाई," ती पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली.

टोकं तिच्या हाती देऊन बोटं निघून गेली. खालची घडी उचलायला या खेपेला कुणी वाकलं नाही. धाकटीनंच वाकून ती उचलली, दुमडली, छातीशी धरली.

"हात वर गेले तुमचे!" बाई हलकेच म्हणाल्या. "आता सोडा सैल."

"थांबा जरा," धाकटी म्हणाली. "गरम आहे अजून."