सिस्टरांचा पेशंट

“हलायचं नाही.”

सिस्टर एवढंच म्हणायच्या आणि तुमचं मनगट धरायच्या. एकदा धरलं की विषय संपला. इंजेक्शन असो, डोळ्यात गेलेला कचरा असो, नाहीतर पायात घुसलेली काच, आमच्या सोसायटीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता. माझा नवरा चांगला उंचापुरा आहे. तो एकदा त्यांच्याकडे धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आला आणि पाणी पिऊन म्हणाला, “मी हललो नाही. श्वास पण घेतला नाही बहुतेक.”

आमची बिल्डिंग बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीच्या अलीकडे. सिस्टर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. एका मोठ्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर “राहून गेलं” म्हणायच्या, एखाद्या साडीला इस्त्री करायची राहून जावी तसं. मूळच्या मालवणच्या. एरवी स्वच्छ शाळेतली मराठी बोलायच्या, राग आला की मालवणी.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेल. सगळे तिला वचकून असतात, ताप आला की पहिलं दार तिचंच वाजवतात, आणि चहाला मात्र तिच्याकडे कुणी जात नाही.

अशा बाईकडे ससा येण्याचं काही कारण नव्हतं.

झालं असं, की चौथ्या मजल्यावरचं भाडेकरू जोडपं बंगळुरूला निघालं. त्यांच्याकडे एक राखाडी ससा होता, हौसेने आणलेला. सामान खाली जात असताना त्या जोडप्यातला मुलगा पिंजरा हातात धरून लिफ्टमध्ये उभा होता. आत सिस्टर होत्या आणि मी होते.

“हा पण बंगळुरूला?” सिस्टरांनी विचारलं.

“नाही आंटी, पार्कात सोडतोय. तिथे त्याला मस्त मोकळं मिळेल ना.”

“पार्कात बिबटे आहेत.”

“हो, पण आत, लांब असतात ते.”

“मग त्यांना निरोप कोण देणार, की पार्सल आलंय म्हणून?”

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. मुलगा उतरला तेव्हा पिंजरा सिस्टरांच्या हातात होता. त्याने दिला की त्यांनी घेतला, हे मी शेजारी उभी असूनही सांगू शकत नाही. “याचं नाव कोको आहे,” तो बाहेरून म्हणाला. “बिस्किटाचं नाव आहे ते,” असं म्हणून सिस्टरांनी तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

त्यांनी त्याला पेशंट म्हणायला सुरुवात केली. दुसरं नाव शेवटपर्यंत ठेवलं नाही.

पेशंटने पहिल्या आठवड्यात दिवाणावर, पायपुसण्यावर, देवघरासमोरच्या पाटावर आणि सिस्टरांच्या चपलेत लघवी केली. लेंड्या तर घरभर. सिस्टरांना यात अवघड काही वाटलं नाही. त्यांनी जन्मभर लोकांना बेडपॅन दिले होते. त्यांनी एक इनॅमलचा ट्रे काढला, त्यात वर्तमानपत्र घातलं आणि सकाळी चहानंतर, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पेशंटला उचलून त्यात ठेवायचा क्रम लावला.

“हलायचं नाही.”

तो हलला. इनॅमलवरून घसरला, मागच्या पायांनी त्यांच्या हातावर लांब ओरखडे काढले आणि लोखंडी कपाटाखाली गेला. तिथून त्याने पाय आपटला. सशाने पाय आपटला की केवढा आवाज होतो याची मला कल्पना नव्हती. मी माझ्या घरातून धावत आले. सिस्टर जमिनीवर ओणव्या होऊन कपाटाखाली बघत होत्या.

“खंय जातलंस रे मेल्या? भायर ये!”

पेशंट आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. सिस्टर हॉलमध्ये नसल्या की बाहेर येऊन खायचा, पाटावर लघवी करायचा आणि परत आत. सिस्टर मला म्हणाल्या, “बघ, माझ्या वॉर्डात अस्सं कुणी केलं नाही.” मला वाटलं, वॉर्डात कपाटाखाली जागा नसेल.

शेवटी त्याला कांदिवलीच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षात पिंजरा माझ्या मांडीवर होता. डॉक्टर तरुण मुलगी होती, केसांना रबरबँड लावलेली. तिने सिस्टरांच्या हातावरचे ओरखडे आधी पाहिले, ससा नंतर.

“तुम्ही याला वरून उचलता का?”

“मग कुठून उचलणार?”

“उचलूच नका. वरून हात आला की त्याला घार आली असं वाटतं. तुम्ही जमिनीवर बसा. त्याच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही. तो येईल तेव्हा येईल.”

“आणि लघवी?”

“तो स्वतः कुठला कोपरा निवडतो ते बघा. ट्रे तिथे ठेवा. त्याच्या दोन-चार लेंड्या त्यातच राहू द्या, म्हणजे वासाने त्याला जागा कळेल. आणि सुकं गवत ट्रेमध्येच एका बाजूला ठेवा. ससे खाता खाता करतात.”

“खाता खाता?” सिस्टरांनी तोंड वाकडं केलं.

“हो. आणि चुकला तर ओरडायचं नाही. पुसून टाकायचं.”

मला वाटलं, आता या मुलीचं काही खरं नाही. पण सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, “ठीक आहे, डॉक्टर.” रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, “पोरगी आहे. पण ऑर्डर ती ऑर्डर.”

पेशंटने निवडलेला कोपरा देवघराखालचा होता. सिस्टरांनी देवघर दुसऱ्या भिंतीवर हलवलं. सुतार आला, भोकं पाडली, देव नव्या जागी गेले. जुन्या जागी भाजी धुवायचं पसरट प्लास्टिकचं घमेलं आलं. सुकं गवत गोरेगावच्या एका तबेल्यातून यायचं. ताजं सिस्टर देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून घ्यायच्या. पैसे देऊन पेंढी गायीसमोर धरायची अशी पद्धत. सिस्टर पैसे देऊन पेंढी पिशवीत घालायच्या आणि चालू पडायच्या. त्या बाईने पहिल्या दिवशी हाक मारली, “मावशी, गाय इकडे आहे!” सिस्टर म्हणाल्या, “माहीत आहे.”

राहिलं जमिनीवर बसणं. त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरने जमिनीवर बसायला सक्त मनाई केली होती. आता दोन डॉक्टरांच्या दोन ऑर्डरी झाल्या. सिस्टरांनी सशाच्या डॉक्टरची पाळली. संध्याकाळी दिवाणाला धरून हळूहळू खाली बसायच्या, पाय लांब करायच्या आणि वर्तमानपत्र उघडायच्या. त्यांचा आवाज त्याच्या कानावर पडावा म्हणून मोठ्याने वाचायच्या. वाचायच्या ते निधनवार्तांचं पान. “यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार आहे,” हे कपाटाकडे न बघता, कपाटाला ऐकू जाईल असं.

बसणं जमायचं, उठणं नाही. मग मला फोन यायचा. “ये.” एवढंच. मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडायचे, त्यांच्या काखेत हात घालायचे आणि ओढायचे. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, “सावकाश गं.” त्यांनी कुणाला सावकाश म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होते.

बऱ्याच संध्याकाळी अशा गेल्या. एकदा मी त्यांना उठवायला गेले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पेशंट बाहेर आला होता. मान लांब करून त्यांच्या टाचेचा वास घेत होता. मागचे पाय अजून कपाटाच्या बाजूलाच, पळायची वेळ आली तर. सिस्टर पुतळ्यासारख्या. मी दारातच उभी राहिले. त्याने टाचेला हनुवटी घासली आणि निघून गेला.

“त्याच्या हनुवटीला खरूज आहे का बघायला हवं,” त्या म्हणाल्या. डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाली, ते जिथे हनुवटी घासतात ती वस्तू आपली झाली असं समजतात. सिस्टरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत बसल्या. “वस्तू म्हणे,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर घमेल्याचं जमत गेलं. लघवी आधी जमली, लेंड्या अर्ध्या. दरम्यान सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, की गवतामुळे जिन्यात किडे होतात, वास येतो. सिस्टरांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. पेशंट घमेल्यात चढला, गवताची काडी तोंडात धरली आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांत बघत सगळा कार्यक्रम उरकला.

“आला वास?” सिस्टरांनी विचारलं. “जिन्यात पान खाऊन थुंकतात त्यांनाही पाठवा. शिकवते.”

सेक्रेटरी पान खायचे. विषय पुन्हा निघाला नाही.

मग नसबंदीचं ऑपरेशन झालं. नर सशाचं ते करून घेतलं की सवय पक्की होते, भिंतीवर पिचकाऱ्या मारत नाही, असं डॉक्टर म्हणाली. ऑपरेशन नीट झालं. पण घरी आल्यावर पेशंटने खाणं सोडलं. गवत नाही, कोथिंबीर नाही, पाणीही नाही. पोट फुगवून कोपऱ्यात बसला. घमेलं कोरडं. सिस्टरांनी डॉक्टरला फोन लावला आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. डॉक्टर म्हणाली, सशाचं पोट थांबलं की तो फार टिकत नाही. वाटलेलं अन्न आणि औषध सिरिंजने तोंडात घालायचं, दर थोड्या वेळाने, त्याला आवडो न आवडो.

म्हणजे धरायचं.

सिस्टर फोन ठेवून उभ्या राहिल्या. “एवढं सगळं केलं ते जाणार आता,” त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. मग त्यांनी टॉवेल आणला, हात धुतले, वरून वाकल्या आणि त्याला उचललं.

त्यांचे हात मी तोपर्यंत फक्त भीतीने पाहिले होते. त्या दिवशी नीट पाहिले. टॉवेलात गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवलं, दातांच्या बाजूच्या फटीतून सिरिंज घातली, थोडं ढकललं, थांबल्या, त्याने गिळलं की पुन्हा थोडं. तो धडपडत होता, किंचाळलाही. ससा किंचाळतो. ऐकवत नाही. “हलायचं नाही,” त्या म्हणाल्या, पण आवाज असा होता की मी खिडकीकडे तोंड केलं.

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि घमेल्यात बोट दाखवलं. बारीक, वेड्यावाकड्या चार लेंड्या होत्या.

“वाचला,” त्या म्हणाल्या. डोळे पुसायला पदर हातात घेतला आणि मग त्याच पदराने चष्मा पुसला.

पेशंट कपाटाखाली गेला होता. सिस्टर हॉलमध्ये आल्या की पाय आपटायचा. घमेल्यात मात्र नेमाने जायचा, त्या नसताना. मी म्हटलं, “सिस्टर, वाईट वाटतं ना?”

“यात वाईट काय? जिवंत आहे, आपटतोय.”

त्या संध्याकाळी दिवाणाला धरून खाली बसल्या आणि निधनवार्ता पहिल्यापासून सुरू केल्या.

या वेळी जास्त दिवस लागले. पण तो आला. या खेपेला टाचेपाशी थांबला नाही. त्यांच्या लांब केलेल्या पायावर पुढचे दोन पाय ठेवून वर बघत राहिला. सिस्टरांनी हात जमिनीवर उलटा ठेवला. त्याने डोकं त्या हाताखाली घातलं.

गुडघ्यांनी शेवटी सूड घेतला. कुडाळची भाची येऊन म्हणाली, मावशी, आता एकटीने राहायचं नाही, आमच्याकडे चल. तिच्या अंगणात दोन कुत्रे. ससा नेणं शक्य नव्हतं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही. मीही हो म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात घमेलं माझ्या हॉलच्या कोपऱ्यात होतं आणि सिस्टर रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन जमिनीवर बसत होत्या, पेशंटला नवीन वॉर्डाची ओळख करून देत. आता उठवायला आम्ही नवरा-बायको दोघं लागायचो. शेवटच्या दिवशी तो गवत खात असताना त्या निघाल्या. त्याच्याकडे वळून बघितलं नाही. मला म्हणाल्या, “वरून उचलू नकोस गं.”

दर रविवारी फोन यायचा.

“खातोय?”

“खातोय.”

“जागेवर?”

“जागेवर.”

“बरं.” आणि बंद. माझी चौकशी करायला त्यांना सुचायचं नाही.

माझ्याकडे तो राहत होता, पण पाहुण्यासारखा. कान ताठ, बसलेला, उठायच्या तयारीत. मग एका दुपारी तो हॉलच्या मधोमध चालता चालता एका कुशीवर धाडकन कोसळला. पाय ताणलेले, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. मी किंचाळले आणि कुडाळला फोन लावला.

“सिस्टर, गेला! आत्ता, माझ्यासमोर पडला!”

“पोट हलतंय का बघ.”

मी वाकून पाहिलं. “हलतंय.”

“नाक?”

“नाकही.”

“झोपलाय,” त्या म्हणाल्या. “अगदी बिनघोर झाले की असे पडतात ते. माझ्याकडे पहिल्यांदा पडला तेव्हा मी त्याच्या छातीला बोटं लावून बसले होते. तुला सांगितलं नाही.” पलीकडे कुत्रा भुंकला. मग त्या म्हणाल्या, “किती दिवस लागले तुला! चांगलं झालं.”

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. मीच केला, तर म्हणाल्या, “आता काय विचारायचं?” आणि त्यांना उठवताना धरलेली माझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे ते प्रथमच विचारलं.

श्रावणात भाचीचा फोन आला. सकाळी चहा पिऊन सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, तशाच गेल्या. त्रास झाला नाही. मी बरं, बरं म्हणत राहिले. हॉलमध्ये आले तेव्हा पेशंट पंख्याखाली फरशीवर आडवा पसरला होता, मागचे पाय लांब सोडून, आणि झोपेत त्याच्या मिशा हलत होत्या. मी पंखा थोडा कमी केला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.