कापलेली हातभर फीत

त्या रविवारी सकाळी मी जेवढा चिडलो, तेवढा स्वतःच्या लग्नातही चिडलो नव्हतो, आणि तिथे तर बँडवाला बेसूर होता.

जॅझ गिटारची एक जुनी, गाजलेली रेकॉर्ड आम्ही सोलापुरात जशीच्या तशी स्टेजवर वाजवणार होतो. सगळ्या धुना, त्याच क्रमाने. गिटार माझी, ड्रमवाला इथलाच, आणि बेस गिटार वाजवायला पुण्याहून एक तरुण आलेला. आदल्या दिवशी तालमीत पहिल्याच धुनेला तो थांबला. "सर, मधली एक जागा तुम्ही सोडताय."

माझं डोकंच फिरलं. पस्तीस वर्षं ऐकतोय मी हे, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून, वगैरे सगळं त्याला सुनावलं. त्याने मोबाईल पुढे केला, एकदा ऐकून बघा म्हणाला. ज्याला पाठ नाही त्याने ऐकावं, असं मी म्हटलं. ड्रमवाला पंख्याकडे बघत बसला. शेवटी मी माझंच खरं केलं. त्यानंतर तो पोरगा वाजवण्यापुरताच उरला, तोंड म्हणून त्याने उघडलं नाही.

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या. 'बघ' अशा नजरेने मी बेसवाल्याकडे पाहूनही घेतलं.

मग कुर्डुवाडीचे काका स्टेजपाशी आले. रेल्वेतून निवृत्त झालेले. मी कॉलेजात असताना ही रेकॉर्ड त्यांनीच मला कॅसेटवर उतरवून दिली होती. त्यांची रेकॉर्ड पुढे घर बदलताना फुटली, आणि मोबाईलवरचं गाणं त्यांना डब्यात वाजल्यासारखं वाटतं. म्हणून सकाळच्या गाडीने मुद्दाम आले होते.

"पयल्या धुनेतली ती उतरती जागा कुटं गेली रं?" ते म्हणाले. "तेवढ्यासाठी आलो हुतो."

बेसवाला केबल गुंडाळत होता. त्याचा हात थांबला.

आणि मला ती कॅसेट आठवली. टेपरेकॉर्डरने एकदा ती खाल्ली होती. चुरगळलेली हातभर फीत मी ब्लेडने कापून टाकली, टोकं चिकटवली आणि काका रागावतील म्हणून गप्प बसलो. इतका गप्प, की पुढे मलाही पत्ता राहिला नाही.

"दे तो मोबाईल," मी बेसवाल्यावरच खेकसलो. अजूनही त्याच्यावरच.

जेमतेम दहा सेकंद. सूर एकेक पायरी उतरत येतात आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता थबकतात. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या रेकॉर्डमधली सगळ्यात देखणी गोष्ट केरात टाकून मी गावभर जाणकार म्हणून मिरवत होतो. बेसवाल्याने मला ती जागा शिकवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मारला नाही, त्याचाही मला राग आला.

चौथ्या खेपेला बोटं वळली. काकांनी डोळे मिटले. "आनी एकदा." खुर्च्या उचलणारे येईपर्यंत मी तेवढंच वाजवत होतो.

घरी जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. फितीला दोन बाजू असतात. जिथे कापली, तिथे उलट बाजूचंही कापलं गेलं असणार. मी उष्ट्या हाताने काकांना फोन लावला. ते गाडीत होते.

"व्हय, ती बी गेली हुती की," काका म्हणाले. "पर तू आदीच लई तापला हुतास."