करगोट्याखालचा चट्टा

मंगळवार, २१ नोव्हेंबर २०२३. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आदिलाबादच्या एका दवाखान्यात त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मला आजाराचे नाव सांगितले: मायकोसिस फंगॉइडिस. नावात बुरशी असली तरी ही बुरशी नव्हे. हा त्वचेत उद्भवणारा लिम्फोमा, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो त्वचेपुरताच आहे की आतल्या लसिका गाठींपर्यंत गेला आहे, हे मात्र कळलेले नव्हते.

नाव कळायला चार वर्षे लागली. त्यातील बराच उशीर माझा आहे, म्हणून लिहितो.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीचा, तहसील कार्यालयातून निवृत्त झालेला कारकून. कमरेवर, करगोटा बसतो तिथे, लालसर चट्टा उठला. पत्नी म्हणाली, "करगोटा काचला असन. बदला तो." मी काळा दोरा बदलला. पुढेही बदलत राहिलो आणि वर मलम लावत राहिलो. चट्टा फिका होई, पुन्हा येई. मांडीवर आणखी उठले. ते मी कोणालाही सांगितले नाही.

दंडावर उठला तेव्हा आदिलाबादच्या याच दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. मी फक्त दंड दाखवला. बायॉप्सी झाली; म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासला. निश्चित काही निघाले नाही. मी निर्धास्त झालो.

तीन महिन्यांनी दंडावरचा चट्टा जाड झाला, म्हणून पुन्हा गेलो. डॉक्टरांनी दार लावले.

"बाबा, शरम बाजू रखो. और कहाँ है?"

मी धोतर सैल केले. त्या बराच वेळ पाहत होत्या.

"ये कबसे है?"

"चार साल."

"और मेरे को हाथ दिखा रहे आप."

मलमाने पेशींची खूण पुसट होते, म्हणून चार आठवडे सर्व मलमे बंद करवली. मग करगोट्याचा दोरा कापून कमरेवरच्या कातडीचे दोन तुकडे घेतले. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींची जात ओळखणारी रंगतपासणी, हैदराबादला झाली. अठरा दिवस वाट पाहिली.

निदानाच्याच दिवशी रक्त दिले. मान, काख आणि जांघेतील गाठींची सोनोग्राफी झाली. बाकावर अडीच तास बसलो. चार वाजता डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. गाठी वाढलेल्या नव्हत्या. आठवड्यातून तीनदा प्रकाशोपचार, म्हणजे अंगावर अतिनील किरणे घेणे, ठरला. बरे व्हाल असे त्या म्हणाल्या नाहीत. आटोक्यात राहील, असे म्हणाल्या. चार वर्षांबद्दल त्यांनी मला पुन्हा ऐकवले नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

चट्टा महिनोन्महिने हटत नसेल, तर मलम न लावता जा आणि सगळे अंग दाखवा.

डॉक्टरांनी माणसाची आकृती छापलेला कागद दिला होता; प्रत्येक चट्ट्याची जागा त्यावर दाखवायची होती. पाठीकडचे मला दिसत नव्हते. संध्याकाळी घरी कपडे उतरवून पत्नीसमोर उभा राहिलो.

"मांडीवर एवढे हायेत? मले काऊन नाही सांगतलं?"

मी कागद आणि पेन तिच्या हाती दिले. तिने अकरा खुणा केल्या. मी कागदावर तारीख घातली आणि तो फाईलला लावला.