काचेखालचा झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी थेरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये झेंडूचा वास भरून राहतो. आई गॅलरीत तोरण ओवत बसते. तो उग्र, हिरवट वास नाकात गेला की मला हटकून मालवण आठवतं. ऐकणाऱ्याला हसू येईल, समुद्राला कुठला आलाय झेंडूचा वास!

चाकणजवळचा आमचा झेंडूचा मळा कंपनीच्या शेडखाली गेला, त्याच वर्षी मी आईला मालवणला नेलं होतं. मळा गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. तिथल्या होडीच्या तळाला काच होती. नावाड्यानं होडी थांबवली, तशी आई पदर सावरत ओणवी झाली. खाली प्रवाळ होते, पिवळे, केशरी, गच्च दाटलेले, आणि त्यांच्यातून मासे फिरत होते. बराच वेळ ती हललीच नाही. मग माझा हात ओढत म्हणाली, "अगं, बघ की! आपला झेंडू हाय खाली. कुणी लावला असंल गं?" कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

आज माझी लेक शाळेच्या प्रकल्पासाठी मोठ्यानं वाचत होती. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात, तापतच राहिला तर मरतात. पाण्यात आम्ल वाढलं की त्यांचा सांगाडाही नीट बांधला जात नाही. "मालवणचेही पांढरे पडायला लागलेत, आई," ती मला म्हणाली.

"मालवनचं काय म्हनती गं पोरगी?" गॅलरीतून आईनं विचारलं. "जायचं का परत? माझा झेंडू बघाया?"

मळा गेला तेव्हाचं तिचं ते गप्प बसणं मला आठवलं. मी लेकीला डोळ्यांनीच थांबवलं.

"जाऊ की," मी म्हणाले.